कोण पडला?

माझ्या हातात पाट होता आणि तो मी मेहुण्याच्या तोंडावर मारला. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर मी कारणं सांगत बसेन, आणि माझी कारणं मला आता पाठ झाली आहेत.

पाट भाऊबीजेचा. सागवानी, चारी कोपऱ्यांना पितळी पट्ट्या ठोकलेला. बायकोने लग्नानंतर पहिल्यांदा इंग्लंडला येताना तो साड्यांमध्ये गुंडाळून आणला होता. बेसिंगस्टोकच्या आमच्या घरात तो वर्षातून एकदा लॉफ्टवरून खाली यायचा. तिचा धाकटा भाऊ त्यावर बसायचा, ती त्याला ओवाळायची, आणि पाट परत वर जायचा. तो चढवण्या-उतरवण्याचं काम माझं.

मेहुणा लंडनच्या विमानतळाजवळ, हाउन्सलोला एका खोलीत राहतो. तेव्हा तो विमानतळावर विमानं मागे ढकलणारा ट्रॅक्टर चालवायचा. एवढं मोठं विमान, आत माणसं भरलेली, आणि हा खाली बसून त्याला हळूहळू मागे नेणार. त्या कामाचा त्याला फार अभिमान होता. "दाजी, पायलटला रिव्हर्स गिअर नसतो. तो आमच्याकडे असतो," असं तो प्रत्येक नव्या माणसाला सांगायचा.

मी सॉफ्टवेअर तपासतो. दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या, शांत भाषेत लिहून पाठवायच्या. ऑफिसात माझा आवाज चढलेला कोणी ऐकलेला नाही. घरी मात्र मी इस्त्रीचं टेबल जिन्यावरून खाली फेकलेलं आहे. बाथरूमच्या दाराला माझ्या मुठीचं भोक आहे. बायकोने त्यावर टॉवेलची दांडी बसवून घेतली. माणसावर हात उचलला नव्हता. मी वस्तू फोडतो, माणसं नाही, असं मी स्वतःला समजावत असे. जणू वस्तू फोडताना घरातली माणसं बघत नव्हती.

यातली बहुतेक मोडतोड अमेरिकेतल्या निवडणुकांच्या दिवसांतली आहे. मी तिथल्या राज्यांच्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकांवर पैसे लावायचो. त्या देशात मी कधी पाऊलही ठेवलेलं नाही. इथे हे कायद्याने चालतं, फोनवर चालतं, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. घोडे, फुटबॉल यांचं मला कधी वेड नव्हतं. मला लागायची ती अटीतटीची लढत, जिथे दोघांत केसाचं अंतर आहे आणि मोजणी संपता संपत नाही. टपालाने आलेली मतं, मग कुठल्यातरी कोपऱ्यातल्या जिल्ह्याची मतं, मग फेरमोजणीची मागणी. दर तासाला भाव बदलणार. सकाळी मी राजा, दुपारी भिकारी.

त्या दिवसांत मी मनातल्या मनात फार माणसं मारली. जेवणाच्या सुट्टीवर गेलेला मोजणी कारकून मारला. टपालाने मत पाठवणारे म्हातारे मारले, एकेक करून, गळा आवळून. मीटिंगमध्ये मान डोलावत असताना हे चालायचं. मला वाटायचं, मनातलं मनातच राहतं.

मेहुण्याला या सगळ्याची गंमत वाटायची. गव्हर्नर म्हणजे राज्यपाल, हे त्याच्या डोक्यात शाळेपासून बसलेलं.

"दाजी, राज्यपाल कुठे निवडणूक लढवतो का? त्याला दिल्लीहून नेमतात. तुम्हाला कोणीतरी गंडवतंय."

"अरे, तिकडे लोक निवडून देतात. आपल्या मुख्यमंत्र्यासारखं."

"मग मुख्यमंत्री म्हणा की! राज्यपालावर पैसे लावलेला माणूस मी पहिल्यांदा बघतोय."

"मी राज्यपाल म्हणतच नाही. तू म्हणतोस."

"बरं, बरं. काय म्हणतायत मग राज्यपाल? बरी आहे ना तब्येत?"

दर भेटीला हेच. मी हसायचो. दात घट्ट आवळून हसता येतं.

त्या वर्षी मतदान झालं आणि त्याच आठवड्यात आमची भाऊबीज आली. आमच्याकडे सण शनिवारीच येतो. पंचांगात काही असो, सुट्टी असेल तो दिवस खरा. मी एका राज्यात इतके पैसे लावले होते की बायकोला आकडा सांगता आला नसता. माझा उमेदवार जरासा पुढे होता आणि दर काही तासांनी थोडा मागे सरकत होता. मी तीन दिवस नीट जेवलो नव्हतो. फराळाच्या ताटावरची चकली मी हातातच चुरून टाकली, आणि लेक म्हणाली, "बाबा, आर यू ओके?"

लेक लेस्टरला हॉस्पिटलच्या फार्मसीत नोकरी करते. सणासाठी आली होती. तिला मराठी समजतं, बोलताना मात्र ती अडखळते, आणि तरी ती हट्टाने आमच्याशी मराठीतच बोलते.

दुपारी ओवाळणं झालं. बायकोने भावाला कुंकू लावलं, अक्षता लावल्या, करंजी भरवली. मग ती फराळाचं ताट घेऊन मागच्या रस्त्यावरच्या मराठी कुटुंबाकडे गेली. लेक वर तिच्या खोलीत होती. मी पाट लॉफ्टवर ठेवायला उचलला. माझा फोन टेबलावर चार्जिंगला लावलेला, स्क्रीनवर मोजणीचं पान उघडं. मेहुणा त्यावर वाकला आणि मोठ्याने ओरडला,

"पडला! दाजी, राज्यपाल पडला!"

मी वळलो ते पाट फिरवतच.

पहिला घाव गालावर बसला. त्याचा आवाज मला अजून सांगता येत नाही, मोठा नव्हता. तो गुडघ्यावर बसला. एक हात वर केला आणि म्हणाला, "अहो दाजी, मस्करी. मस्करी केली हो. चालू आहे अजून."

हे मी ऐकलं. मला कळलं. उमेदवार पडलेला नाही, हा नुसता चिडवत होता, हे सगळं डोक्यात शिरलं. आणि त्यानंतर मी दुसऱ्यांदा मारलं. पितळी कोपरा त्याच्या डोळ्यावर बसला. पहिल्या घावाला मी राग म्हणू शकतो. दुसऱ्याला माझ्याकडे शब्द नाही. त्या वेळी मला बरं वाटलं, हेही लिहिलं पाहिजे. कितीतरी दिवसांनी छाती मोकळी झाली.

मग जिन्यावर धावत येणारी पावलं आणि लेकीचा आवाज.

"कोण पडला? बाबा, कोण पडला?"

तिला त्या शब्दाचा एकच अर्थ ठाऊक होता. निवडणुकीत माणूस हरला की त्याला पडला म्हणतात, हे तिला आम्ही कधी शिकवलं नव्हतं. तिने वरून मामाची हाक ऐकली होती, मग धप्प आवाज, आणि तिला वाटलं कोणीतरी घसरून पडलं. ती दारात आली तेव्हा तो गालिच्यावर आडवा होता आणि मी पाट खाली ठेवलेला होता. उत्तर तिनेच माझ्या हातात दिलं होतं. मला फक्त ते परत करायचं होतं.

"मामा पडला," मी म्हणालो.

हॉस्पिटलमध्ये नर्सने विचारलं, काय झालं. लेक पुढे होऊन म्हणाली, "ही फेल डाउन." मेहुणा उरलेल्या डोळ्याने माझ्याकडे बघत होता. मला वाटलं आता तो बोलणार. तो म्हणाला, "येस. आय फेल डाउन." नर्सने चिमट्याने त्याच्या भुवईतून काहीतरी उचललं आणि दिव्याखाली धरलं. "इज दॅट राइस?" तिने विचारलं. बायकोने लावलेली अक्षता होती. ती रक्तात चिकटून जखमेच्या आत गेली होती.

त्याला आत नेल्यावर मी कॉरिडॉरमध्ये गेलो आणि फोन काढला. माझा उमेदवार निवडून आला होता. माझी मूठ आपोआप वळली आणि हवेत गेली, खांद्याच्या उंचीपर्यंत. समोर एक बाई लहान बाळाला थोपटत बसली होती. तिला वाटलं असेल, या माणसाच्या घरचं कोणीतरी वाचलं. ती माझ्याकडे बघून हसली.

लेक शेजारी येऊन बसली. मग म्हणाली, "बाबा, एक विचारू? मामाचाच आवाज आला होता. तो 'पडला' म्हणाला. आपण स्वतः पडलो तर 'पडलो' म्हणतो ना?"

मी फोन खिशात टाकला.

"तुझं मराठी कच्चं आहे," मी म्हणालो. "नीट ऐकू आलं नसेल तुला."

तिचा चेहरा उतरला. "सॉरी," ती म्हणाली. त्यानंतर बरेच महिने ती माझ्याशी फोनवर इंग्रजीत बोलत होती. आईशी मराठीत, माझ्याशी इंग्रजीत.

डोळा राहिला, पण खोबणीचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, मग दुसरं झालं. खाली बघितलं की त्याला एकाचे दोन दिसतात, ते काही गेलं नाही. दोन दिसणाऱ्या माणसाच्या हाती विमान देत नाहीत. त्याचा गाडी चालवायचा परवाना गेला. आता तो विमानात द्यायच्या जेवणाचे ट्रे भरतो. रिव्हर्स गिअरचा विनोद त्याने पुन्हा केला नाही.

एकदा तपासणीहून त्याला घरी सोडताना गाडीत मी म्हणालो, "मी तुझ्या ताईला सगळं सांगणार आहे."

"का?"

"का म्हणजे? मला झोप लागत नाही."

"म्हणजे तुम्हाला झोप लागावी म्हणून माझ्या ताईने घर मोडायचं?" तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. "डोळा माझा बिघडला. त्याचं काय करायचं ते मी ठरवीन. मी पडलो. पाट पायात आला आणि पडलो. तुम्ही गाडी चालवा."

मी गाडी चालवली. त्याच्या हुकमाच्या आड लपणं मला सोपं गेलं. पैजांचं खातं मी बंद केलं. आधी जिंकलेले पैसे काढून घेतले, मग बंद केलं. क्रम असाच होता.

पुढची भाऊबीज आली. तो यायला तयार नव्हता, बायकोने हट्ट केला. "मागच्या वर्षी अपशकुन झाला म्हणून काय मी माझ्या भावाला ओवाळायचंच नाही? या वर्षी खुर्चीवर बस हवं तर." मग तिचंच मन बदललं. "नाही, पाटावरच बस. अहो, पाट आणा."

मी लॉफ्टवर चढलो. पाट तिने स्वच्छ धुऊन ठेवलेला होता. खाली आलो तेव्हा मेहुणा दिवाणखान्यात लेकीशी काहीतरी बोलत उभा होता. मधे टेबल होतं. पाट पलीकडे गालिच्यावर मांडायचा म्हणून मी तो टेबलावरून जाण्यापुरता वर उचलला.

तो किंचाळला. दोन्ही हात तोंडावर घेऊन खाली बसला, पाठ वळवून, डोकं गुडघ्यांत. "नको दाजी, नको, मस्करी केली हो."

मी पाट तसाच धरून उभा. बायको ताम्हण घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली होती. निरांजन पेटलेलं होतं.

तो लगेच उठला आणि हसायला लागला. "काही नाही गं ताई. हल्ली दोन-दोन दिसतं ना, दचकायला होतं. दोन दाजी, दोन पाट. कोण घाबरणार नाही?"

कोणीच हसलं नाही. बायको त्याच्याकडे बघतच नव्हती. ती माझे हात बघत होती, पाट कसा धरलाय ते.

लेक म्हणाली, "बाबा." मराठीत म्हणाली पुढचं. "मामा तेव्हा 'पडला' म्हणाला होता. 'पडलो' नाही. माझं मराठी बरोबर होतं ना?"

"हो."

"मग कोण पडला होता?"

"कोणीच नाही," मी म्हणालो. "कोणीच पडलं नव्हतं."

"दाजी, गप बसा," मेहुणा म्हणाला. "ताई, पडलो गं मी. शप्पथ."

"तू गप," बायको त्याला म्हणाली. मग मला, "पाट खाली ठेवा."

मी ठेवला.

"आता बाहेर जा. मला माझ्या भावाला ओवाळायचंय."

मी मोज्यांवरच बाहेर गेलो. दारापुढची फरशी ओली होती. खिडकीतून आत दिसत होतं. तिने पाट पायाने बाजूला सारला, त्याला खुर्चीवर बसवलं, कुंकू लावलं. अक्षता लावायला तिचा हात कपाळाशी गेला आणि तिथे, भुवईवरच्या व्रणावर, थांबला. मग तिने ताम्हण उचललं आणि ओवाळायला लागली. त्याची मान खाली होती. त्याला दोन ज्योती दिसत असणार.