दोन मजले, दोन डबे

गिरण्यांचा संप फसून दहा-बारा वर्षं झाली होती. लालबागच्या आमच्या चाळीतले कामगार मिळेल ते करत होते, आणि मी परळच्या एका बंद गिरणीच्या आवारात थाटलेल्या चकाचक ऑफिसात नेटवर्क सांभाळत होते. तेही सहा महिन्यांच्या बोलीवर. कधी एकदा कायम होते, असं झालेलं.

ऑफिसचे मजले दोन, साहेब दोन, आणि दोघांनी दोन वेगळ्या कंपन्यांचे ब्रिज आणलेले. दुसऱ्याचाच घेतला तर नाक कापलं जाईल ना! ब्रिज म्हणजे मजल्यावरचे कॉम्प्युटर जोडणारा डबा. एका पद्धतीचे असले की हे डबे आपसात बोलतात, मुख्य कोण ते ठरवतात, आणि दोन रस्ते असले तर एक बंद ठेवतात. नाहीतर एकच निरोप गरगर फिरत राहतो आणि सगळं ठप्प होतं. आमच्या दोन डब्यांच्या पद्धतीच वेगळ्या. दोघेही आपापल्या मजल्यावर मुख्य, अगदी साहेबांसारखे! मध्ये वायर एकच होती म्हणून निभावत होतं.

एक दिवस वरच्या साहेबांना अक्कल सुचली. "ही तुटली तर? दुसरी टाका."

"सर, हे डबे एकमेकांना ओळखत नाहीत. दोन्ही रस्ते उघडे राहतील."

"दोन्ही स्टँडर्ड आहेत," साहेब म्हणाले. कुठलं स्टँडर्ड, देव जाणे!

वायर टाकली कंत्राटी वायरमन काकांनी. काका आमच्याच चाळीतले, याच गिरणीत बाबांच्या शेजारच्या मागावर होते. पाच मिनिटांत दोन्ही मजले बंद. मी धावत जाऊन ती वायर उपटली, तेव्हा कुठे सगळं सुरू झालं.

दुपारी त्याच वरच्या साहेबांनी विचारलं, "ही दुसरी वायर कुणाच्या डोक्यातून निघाली?" आणि काकांकडे बघितलं. काकांनी माझ्याकडे बघितलं. टेबलावर मला कायम केल्याचं पत्र होतं, सही व्हायची होती. मी मेली फरशीकडे बघत राहिले.

काकांना दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून सांगितलं. माझ्या पत्रावर सही झाली. आईने हौसेने पेढे आणले आणि चाळीत वाटायला मलाच पाठवलं. काकांच्या दारात पाय उचलेना, इतकी लाज वाटत होती.

त्यांनी पेढा घेतला. "ती दुसरी वायर काढून टाकलंस मां?"

"हो काका."

"बरां केलंस गो," ते म्हणाले, आणि अर्धा पेढा काकूंसाठी ठेवला.