अर्ध्यावर अडकलेला काटा

तो पेट्रोलचा काटा आजही डोळ्यांसमोरून हलत नाही. तसा तो तेव्हाही अर्ध्यावरून हलत नव्हता, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

नांदगाव खंडेश्वर भागात मी ठाणेदार होतो. गुरांच्या दवाखान्यातला एक ड्रेसर, मोटारसायकलवर गावोगाव फिरणारा, संध्याकाळी घरी परतला नाही. सकाळी त्याची बायको मिसिंग नोंदवायला आली. त्याच वेळी एक इसम खबर घेऊन आला. चांदूर रेल्वेच्या रस्त्याला एका विहिरीजवळ बेवारस गाडी उभी आहे, आपण तिला हातही लावलेला नाही. जबाब देऊन तो ठाण्यातूनच घरी गेला.

गाडी ड्रेसरचीच निघाली. किल्ली लावलेलीच होती. शिपायाने ती फिरवली, तसा काटा वर येऊन अर्ध्यावर थांबला. त्या वर्षांत वऱ्हाडात माणूस वेळेवर घरी आला नाही की आधी विहिरी बघायच्या, अशी आम्हाला सवयच लागली होती. पेट्रोल असलेली गाडी कोणी विहिरीजवळ उगाच सोडत नाही, असं ठरवून मी स्टेशन डायरीत आत्महत्येचा संशय लिहून मोकळा झालो. गाडी सुरू करून पाहावी, हे कोणाच्याच मनात आलं नाही. दिवसभर तीन विहिरींत गळ टाकले. बायको काठावर बसून होती. गळ वर येऊ लागला की ती डोळे मिटून घ्यायची. गाळाशिवाय काही निघालं नाही.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. तिची समजूत काढायला मी म्हणालो, "बाई, गाडीत अर्धी टाकी पेट्रोल होतं. तरी त्यांनी ती सोडली, म्हणजे..."

"कोन म्हनते?" ती ताडकन उठली. "तो काटा तं कवाचा मेला हाय, साहेब! कितीबी पेट्रोल असो, अर्ध्यावरच येते. आमचे हे टाकी हलवून कानानं पेट्रोल पायतात. संपलं तरी गाडी आडवी पाडून घरी आनतात. गाडी टाकून जानारा मानूस नाही तो."

मला राग आला, स्वतःचाच. बाजारात गाड्या दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीचाचांना बोलावलं. त्यांनी काट्याकडे पाहिलंसुद्धा नाही. टाकीला कान लावून गाडी हलवली.

"इंजिनले पेट्रोल डाव्या अंगानं जाते, साहेब. ते संपलं. टाकीच्या मधात उंचवटा हाय, उजव्या अंगाचं तिकडंच अडकून हाय."

त्यांनी गाडी डावीकडे पार जमिनीला टेकवली, थोडा वेळ धरली, उभी केली. दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली. ठाण्याचं सगळं आवार थक्क होऊन बघत राहिलं. माझ्या अंगावर तर काटाच आला.

चाचा म्हणाले, "मालक असता तं पाडल्याबिगर सोडली नसती. चालवनारा दुसराच कोनी होता."

खबर देणाऱ्या इसमाला बोलावून चहा दिला. तो निवांत झाल्यावर सहज विचारलं, "गाडी कशानं बंद पडली असेल?"

"इंजिनच बसलं असन साहेब. काटा तं अर्ध्यावर होता."

किल्ली फिरवल्याशिवाय त्या गाडीचा काटा वर येत नाही. "हात लावला नव्हतास ना?" एवढंच मी विचारलं. त्याने कपबशी खाली ठेवली.

मग तो भडाभडा बोलला. एका नाल्याच्या पुलावर गाडी घसरून ड्रेसर खाली पडलेला त्याने पाहिला. मेला असं समजून गाडी उचलली. काटा बघून अमरावती सहज गाठू असं त्याला वाटलं, पण गाडी वाटेतच बंद पडली. ढकलताना गुराख्याने पाहिलं, म्हणून विहिरीजवळ लावून आपणच खबर दिली.

त्याच्या बायकोलाही सोबत घेऊन आम्ही जीप दामटली. ड्रेसर पुलाखाली बाभळीच्या झुडपात होता. पाय मोडलेला, ओठ फुटलेले, पण जिवंत! रुमाल डबक्यात भिजवून तो पाणी पिळून पीत होता. बायकोला बघून त्याचा पहिला प्रश्न, "गाडी कुठी हाय? आडवी पाडा, घरापुरतं पेट्रोल असन तिच्यात." ती रडता रडता हसली.

इतकी वर्षं नोकरी केली, पण त्या नवरा-बायकोसारखा आणि त्या चाचांसारखा पक्का अंदाज मला कधी साधला नाही. डायरीतली ती नोंद माझ्याच अक्षरात आहे. काटा पाहून मी एका जिवंत माणसाला विहिरीत शोधत होतो. काठावर बसलेल्या बाईला तेव्हाच दोन शब्द विचारले असते, तर तो एक दिवस आधी सापडला असता.