लाल कल्ल्यांचा बाजार

माझा नवरा बोटीवर स्वयंपाकी होता. इस्तंबूलच्या समोरून त्याची बोट कितीतरी वेळा गेली, पण तिथं उतरायला त्याला एकदाही मिळालं नाही. कांदा कापता कापता गोल खिडकीतून त्यानं फक्त घुमट मोजले. नोकरी सुटल्यावर म्हणाला, "एकदा जमिनीवरून बघू या." तिकिटं मी काढली. वेसाव्याच्या बंदरावर एका टोपलीपासून सुरुवात करून मी जुहूच्या हॉटेलांना मासळी पुरवण्यापर्यंत आले होते. आमच्या गल्लीत रंगीत टीव्ही नुकते येत होते, तेव्हाची ही गोष्ट.

खरं तर आम्ही दोघं तेव्हा धड बोलत नव्हतो. निघण्याच्या थोडं आधी एका हॉटेलच्या खरेदीवाल्या साहेबानं चारचौघांत म्हटलं, की मी शिळ्या सुरमईचे कल्ले रंगवून आणते. मी त्याची सालटी काढणार, एवढ्यात नवरा मध्ये पडला आणि हात जोडून म्हणाला, "साहेब, चुकलं असेल तिचं." गिऱ्हाईक टिकलं, माझं डोकं तापलं ते तापलंच. मासळी ताजी होती, एवढं नवऱ्यानं स्वतःहून कबूल करावं, बस्स. मी मागणार नव्हते.

पण त्या शहरात राग धरून चालणं अवघड होतं. मोठ्या घुमटाच्या जुन्या वास्तूत दिवे इतक्या उंचावरून साखळ्यांनी खाली सोडले होते, की मान दुखेपर्यंत बघितलं तरी साखळीचं टोक दिसेना.

"एवढ्या वर अडकवली कशी रे?"

"मला काय विचारतेस? मी डाळ शिजवायचो."

मग मी रखवालदाराला खुणेनं विचारलं. त्यानं आधी छताकडे, मग आभाळाकडे बोट दाखवलं आणि मिशीत हसला. दुकानांत भारी गालिच्यांवर मांजरं खुशाल झोपलेली, कुणी हाकलत नव्हतं. पुलावर माणसं खांद्याला खांदा लावून गळ टाकत होती. एवढ्या दोऱ्यांचा गुंता कसा होत नाही, हे बघत मी तिथं बराच वेळ उभी राहिले.

पुलाच्या पायथ्याशीच मासळीबाजार होता. गोल लाल ताटांत मासे मांडलेले, आमच्या कुपा माशाच्या धाकट्या भावासारखे. आणि प्रत्येकाचे कल्ले बाहेर ओढून उलटवलेले, जास्वंदीसारखे लालभडक! आमच्याकडे गिऱ्हाईक बोट घालून कल्ला उचलतं, इथं विकणाराच उघडा करून बसला होता. इतका लाल? माझ्या मनात पाल चुकचुकली. रक्त की रंग, हे ओळखायची माझी रीत साधी आहे. फडक्यानं पुसायचं आणि थंड पाण्यात बुडवायचं. ताजं रक्त निघून जातं, रंग राहतो. मी पांढरा रुमाल काढला आणि कल्ला खसाखसा पुसला.

मासळीवाला उसळलाच. हातवारे करून ओरडायला लागला, माणसं जमली.

"ओरडतोस कुणावर रे?" मीही मराठीतच चढले. "तू पाळण्यात होतास तेव्हापासून मासळी विकतेय मी!"

नवरा पुढे आला. मी त्याच्या हातांकडेच बघत होते. "हात जोडलेस, तर इथून एकटी घरी जाईन," मी म्हटलं.

त्यानं हात जोडले नाहीत. माझा रुमाल घेतला, त्या माणसाच्या बादलीत बुडवला, पिळला आणि त्याच्यासमोर पसरून धरला. रुमाल पांढरा होता. मग माशाकडे बोट करून मान डोलावली, माझ्याकडे बोट केलं आणि डोक्यावर टोपली असल्यासारखं चालून दाखवलं. मासळीवाला मोठ्यानं हसला आणि त्यानं मला बसायला स्टूल दिलं.

शेजारी उभा राहून नवरा हळूच म्हणाला, "त्या दिवशीची सुरमई पण अशीच होती."

"मग तिथं तोंड का शिवलं होतंस?"

"भ्यालो गं. माझी बोट सुटलेली, घर तुझ्या गिऱ्हाइकांवर. ते गिऱ्हाईक गेलं असतं, तर तुला तोंड कसं दाखवलं असतं?"

हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. तरी एवढ्यावर सोडणारी मी नव्हे.

"काय होती सुरमई?"

"ताजी."

"ऐकू नाही आलं."

"ताजी होती!" तो ओरडला. सगळा बाजार वळून बघायला लागला.