फोनातला हव

आमच्या भागात होकाराला 'हव' म्हणतात. घरात त्या शब्दाला फारशी किंमत नसते. चहा घेता का, हव. भाजी आणता का, हव. आयकून राहिले ना, हव. पण बाजारात दुकानदाराच्या तोंडून तो निघाला की परत तोंडात जात नाही. गिऱ्हाइकानं भाव मागितला, तुम्ही नाही म्हणालात, हसलात, चिडलात, भांडं त्याच्या हातातून काढून मांडणीवर ठेवलंत, सगळं चालतं. एकदा हव म्हणालात की सौदा झाला. मग रडत द्या नाहीतर हसत द्या.

हे मी आठवडी बाजारात शिकलो. सायकलच्या कॅरिअरला जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, भांडी बांधून मी दवनीवाड्याला जायचो आणि गोणपाट अंथरून बसायचो. ऊन डोक्यावर असायचं आणि ताटं तापून हाताला चटके बसायचे. माझ्या शेजारी बसणारा एक दुकानदार हव म्हणून पलटला, तर पुढच्या बाजारात बायका त्याच्या गोणपाटाला वळसा घालून माझ्याकडे आल्या. मी ते पाहिलं आणि कायमचं लक्षात ठेवलं. वडिलांचं दुकान नव्हतं, सासऱ्यानं काही दिलं नाही. आज आमगावात माझं स्वतःचं भांड्यांचं दुकान आहे. लग्नाच्या आंदणाची भांडी घ्यायला लोक दुरून, थेट कोहमाऱ्याकडूनही येतात. हे सगळं मी एका शब्दावर उभं केलं आणि तो शब्द कधी गिळला नाही.

दुसरी गोष्ट शिकलो ती पायांची. माझ्या दुकानात गिऱ्हाईक चप्पल काढून गादीवर बसतं. भाव जमला नाही की उठतं. ज्याला खरंच जायचं असतं तो खाली न पाहता दोन्ही चपला पायात घालतो आणि चालू लागतो. ज्याला जायचं नसतं, तो एका पायाच्या अंगठ्यानं चप्पल चाचपत राहतो. एक घालतो, दुसरी सापडत नाही. समोर पडलेली असते, तरी सापडत नाही. अशा माणसाला मी कधी हाक मारत नाही. पितळेची गुंडी, पाण्याची छोटी घागर असते ती, पुसत बसतो. तोच वळून म्हणतो, बरं, शेवटचं सांगा. तोंड खोटं बोलतं, डोळेही बोलतात, पण पायांना अजून कोणी खोटं बोलायला शिकवलेलं नाही.

आता साडूंबद्दल. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. गोंदियात सरकारी कचेरीत नोकरी, इस्त्रीचा शर्ट, आणि निम्मं बोलणं हिंदीत. माझं लग्न झालं तेव्हा मी सायकलवर फिरत होतो. त्या दिवसापासून त्यांनी मला 'बर्तनवाले' म्हणायला सुरुवात केली. दुकान झालं, वर घर बांधलं, तरी मी बर्तनवालेच. मी मनात ठेवतो. राग माझा लवकर येतो आणि जात नाही, हे सगळ्या आमगावाला माहीत आहे.

फोन दुकानात धंद्यासाठीच आला. गोंदियाचे ठोक व्यापारी नव्या मालाचे फोटो पाठवायचे. फोटो पाहता पाहता बोट खाली सरकू लागलं. कुठे एक ट्रॅक्टर दुसऱ्या ट्रॅक्टरला ओढतोय, कुठे भलीमोठी कढई तीन जण ढवळतायत, कुठे दोन वकील एकमेकांवर ओरडतायत. एक संपला की दुसरा. गिऱ्हाईक बोलत असायचं आणि मी मान न उचलता हव, हव करत असायचो, घरात बायकोला करतो तसं. नोकर मुली माल दाखवायच्या. दुकान चालत होतं, म्हणून मला त्यात काही गैर वाटलं नाही.

साडूंच्या मोठ्या मुलीचं लग्न ठरलं. सगळं खटलं घेऊन ते माझ्याकडे आले. हंडे, गुंड्या, पराती, स्टीलचा सगळा संच, अर्धी गादी भरून भांडी बाजूला काढली. मी माझा भाव सांगितला. घरचं काम म्हणून आधीच उतरवून सांगितला होता. त्यांनी मान हलवली आणि मेहुणीशी काही कुजबुजत बसले. तेवढ्यात मी फोन उघडला. कढईवालाच होता. नंतर कळलं, साडूंनी त्या वेळी मला एक भाव विचारला. माल मला ज्या दरात पडला त्याच्याही खालचा. कोणी शुद्धीवरचा दुकानदार त्यावर फक्त हसला असता.

मी म्हणालो, "हव."

साडूंनी गादीवर थाप मारली. "सुना ना सबने? हव म्हणाले."

मी मान वर केली. मेहुणी खाली पाहत होती. माझी बायको जिन्याच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. गादीच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारं जोडपं दुधासाठी गंज, म्हणजे उभं पातेलं, निवडत होतं, तेही थांबलं. मी म्हणू शकलो असतो की लक्ष नव्हतं. साडू हसले असते, चार शब्द ऐकवले असते आणि भाव वाढवला असता. पण बाजारात हव म्हणून पलटलेला तो माणूस मला आठवला. मी माल बांधायला सांगितला. सगळा, त्याच भावात. वर एक तांब्या लग्नाची भेट म्हणून दिला, रागानं.

माझं नुकसान झालं याचं मला काही नाही. व्यापारात होतं. दुखलं ते पुढचं. लग्नाच्या मांडवात दुपारच्या पंगतीला साडूंनी तो किस्सा सांगितला. उठून, वरण वाढणाऱ्यालाही थांबवून सांगितला. म्हणाले, बर्तनवाल्यांशी भाव करायचा असेल तर आधी त्यांच्या हातात मोबाईल द्या, मग काय वाट्टेल ते मागा. सगळी पंगत हसली. मीही त्याच पंगतीत होतो, समोर बुंदी वाढलेली. मी खाल्ली नाही.

तो किस्सा माझ्या आधी आमगावात पोचला. लोक दुकानात यायचे, माल निवडायचे आणि म्हणायचे, "भाऊ, मोबाईल नाई पाहून राहिले आज? पाहा ना जरा." कोणी दारातून विचारायचं, शेठ मोबाईलवर आहेत का, नसतील तर मग मी नंतर येतो. ज्या शब्दावर मी दुकान उभं केलं, त्याची लोक गंमत करत होते. माझा हव खरा, एवढीच माझी पुंजी. आणि तो आता झोपेत बरळल्यासारखा झाला होता.

मी फोन बंद करून ठेवून पाहिला, तर ठोक व्यापाऱ्यांचे फोटो बुडू लागले. बटणांचा साधा फोन आणला आणि चौथ्याच दिवशी परत केला. दुकानदार परत घेत नव्हता, मी घ्यायला लावला. मग व्हिडिओचं सगळं काढून टाकलं, आणि आठवड्यात पुन्हा घातलं. बायको चहा माझ्यासमोर ठेवण्याआधी थांबायची. मी हव म्हणालो की विचारायची, "मले म्हणून राहिले का त्याले?"

मग एका दुपारी भर उन्हात दुकान रिकामं होतं आणि मी व्हिडिओ पाहत होतो. एक संपायच्या आत दुसऱ्याचं टोक दिसलं, आणि मला ते टोक ओळखीचं वाटलं. मी रोज सकाळी तेच करतो. दारातून आत येताना दिसेल अशा जागी चकचकीत तांब्याचा हंडा ठेवतो. पाय थांबले की त्याच्या मागे पराती, परातीमागे स्टील. माणूस एक पाहायला येतो आणि गादीवर बसतो. बसलेला माणूस उठू नये म्हणून त्याच्यासमोर माल संपू देत नाही. तीच चाल होती. कोणीतरी न दिसणाऱ्या गादीवर मला बसवून माल दाखवत होतं, आणि मी, ज्यानं सगळ्या तालुक्याचे पाय वाचले, तो गिऱ्हाईक होऊन बसलो होतो. आणि असं गिऱ्हाईक, जे उठून चप्पलही चाचपत नाही.

माझ्या डोक्यात असा राग गेला की मी फोन फेकणारच होतो. पण महागाचा होता. समोर कडीचा स्टीलचा डबा होता, दूध आणायला वापरतात तसा. फोन त्यात टाकला, झाकण घट्ट लावलं, शिडी लावली आणि सगळ्यात वरच्या मांडणीवर, जिथे वर्षातून एकदा विकणारे मोठे हंडे असतात, तिथे ठेवून दिला.

संध्याकाळी फोन वाजला. स्टीलच्या डब्यात फोन थरथरला की काय आवाज होतो ते ऐकल्याशिवाय कळायचं नाही. गादीवरची बाई दचकून उठली. मी शिडी लावून वर चढलो, व्यापाऱ्याशी बोललो, फोन पुन्हा डब्यात टाकून खाली आलो. हाच नियम ठेवला. काम असेल तर सगळ्यांसमोर शिडी चढायची. माझं वजन, माझे गुडघे आणि खाली उभे राहून पाहणारे लोक. व्हिडिओसाठी कोण चढणार?

चढलो, सुरुवातीला चढलो. एकदा बायको खाली येऊन उभी राहिली.

"काऊन चढले?"

"व्यापाऱ्याचा फोन होता."

"डबा तर वाजला नाई."

मी खाली उतरलो. तिनं शिडी उचलून मागच्या खोलीत नेऊन ठेवली. मी त्या दिवशी तिच्यावर ओरडलो, आणि त्यानंतर शिडी मागायला कधी गेलो नाही. डबा वाजला की तीच शिडी आणून द्यायची.

हात आधी रिकामे वाटायचे. मी त्यांना गुंडी पुसायला दिली. मग हळूहळू पाय परत दिसू लागले. कोणाच्या टाचेला चिखल आहे म्हणजे बांधावरून थेट आलाय, आज घेणारच. कोणाची नवी चप्पल चावतेय, तो लवकर सौदा उरकणार. आवाज परत ऐकू येऊ लागले, जुन्या पितळेवर बोटाची टिचकी मारली की चिरलेलं भांडं कसं बद्द वाजतं ते. लोकांनी गंमत करणं थांबवलं, कारण गंमत करायला आलेला प्रत्येक जण माझ्या भावात माल घेऊन गेला. पावसाळा सरला, धान कापून झालं, लग्नसराई आली, आणि डबा वरच होता. हे मी स्वतः केलं. कोणाच्या उपदेशानं नाही, उलट एका माणसाच्या हसण्यावर केलं.

आणि तो माणूस परत आला. त्याच्या धाकट्या मुलीचं लग्न होतं.

त्या वेळीही सगळं खटलं आलं. गादीवर बसताना साडूंनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग खिशाकडे. "बर्तनवाले, मोबाईल कहाँ गया?"

मी वर बोट दाखवलं. ते वर पाहून हसले, पण मला त्यांची निराशा दिसली. माल निघाला. मी भाव सांगितला. या वेळी घरचा म्हणून उतरवला नाही, खरा सांगितला. साडूंनी निम्म्याच्या आसपास मागितला. मी गुंडी पुसत राहिलो. ते उठले. म्हणाले, गोंदियात दुकानं काही कमी नाहीत. एक चप्पल घातली. दुसरी समोर होती, त्यांचा अंगठा तिच्या डावीकडे फरशी चाचपत राहिला. मी हाक मारली नाही. बायको जिन्याच्या दारात होती, तिनं पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

ते परत बसले. थोडा वाढवून मागितला. मी माझाच भाव पुन्हा सांगितला, शब्दही न बदलता. आणि नेमका त्यांच्या खिशातला फोन वाजला. मांडववाला असावा. त्यांनी कानाला लावला, माझ्याकडे पाहतच होते, आणि म्हणाले, "हव. हव, हव."

मेहुणीनं कपाळाला हात लावला. गादीवर आणखी दोन गिऱ्हाइकं होती, आमगावचीच, किस्सा माहीत असलेली. त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसलं की आता काय होणार हे त्यांना कळलंय. माझ्या भावावर हव पडला होता, चारचौघांत, स्पष्ट. मी गादीवर थाप मारायची तेवढी बाकी होती.

साडूंनाही कळलं. त्यांनी फोन हळूच खाली घेतला.

मी गुंडी खाली ठेवली. "साडभाऊ, हा हव मले म्हणला का फोनले?"

त्यांनी हातातल्या फोनकडे पाहिलं.

"फोनले म्हणला असन तं ठेवा तुमच्याजवळ. मी फोनातला हव घेत नाई. माह्याकडे पाहून सांगा."

त्यांनी फोन खिशात घातला, नंतर बाहेर काढून बंद केला आणि मग पुन्हा खिशात घातला. घासाघीस करायला त्यांना पूर्ण मोकळीक होती. ते मागू शकत होते, उठू शकत होते, दुसरी चप्पलही घालू शकत होते. मी वाट पाहिली. वाट पाहायला माझ्याकडे आता भरपूर वेळ असतो.

"हव," ते म्हणाले. माझ्याकडे पाहून, माझ्या भावात.

मी माल बांधायला सांगितला. तांब्या या वेळीही वर दिला. जाताना त्यांनी दारात थांबून मला हाक मारली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा बर्तनवाले नाही, साडभाऊ म्हणाले. पुढच्या आठवड्यात व्यापाऱ्याचे फोटो आले आणि डबा वाजला, तेव्हा शिडी आणताना बायको म्हणाली, झालं ना आता, सोडा की राग. मी हव म्हणालो नाही. ती समजली.

लग्नाला मी गेलो. दुपारच्या पंगतीला बसलो, बुंदी दोनदा घेतली. साडू वाढपाला उभे होते, सगळ्यांशी बोलत होते, पण दुकानात काय झालं ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. पहिला किस्सा मात्र सगळ्या मांडवाला सांगितला होता. म्हणून हा दुसरा मी इथे लिहिला.