सरकारी म्हणजे आपला

वारस दाखल्यासाठी मी पेणहून रोह्याच्या कोर्टात दीड वर्ष खेटे घातले. बाकावर एक बाई नेहमी भेटायची. खाडीकडच्या गावची, मांडीवर भाकरीचा डबा. पण निकाल लागेपर्यंत इथे घास उतरत नाही म्हणून डबा तसाच घरी जायचा. तिच्या मुलावर मारामारीचा खटला होता. सरकारी वकील आले की ती उठून हात जोडायची.

एकदा न राहवून मी म्हटलं, "मावशी, ते तुमच्या मुलाच्या विरुद्ध आहेत."

"सरकारी हायत ना? मंग आमचे पण हायत."

मला तिची कीव आली.

शेवटच्या तारखेला उघडकीला आलं, की मारामारीच्या वेळी मुलगा शिफ्टवर होता. ते दाखवणारं कंपनीच्या गेटचं रजिस्टर सरकारी वकिलांनीच दाबून ठेवलं होतं. न्यायाधीशबाईंनी मुलाला सोडलं आणि वकिलांना भर कोर्टात सुनावलं, "कशीही शिक्षा मिळवणं हे तुमचं काम नाही. खरं काय ते कोर्टापुढे ठेवायचं. मी तुमच्याविरुद्ध वर लिहिते आहे."

म्हणजे मावशी म्हणत होती तेच.

बाहेर पायरीवर मायलेकांनी डबा उघडला, मलाही अर्धी भाकरी दिली. तेवढ्यात वकील खाली मान घालून शेजारून गेले. सवयीने तिचे हात वर आले. तिने ते पदराला पुसले.

"दुसऱ्याचा वकील असता तर येवढा राग नसता आला," ती म्हणाली. "आमचा व्हता ना तो."