चिठ्ठीतली एक चूक

माझी भावजय कवळ्या करते. हसू नका. ज्यांचे दात गेलेत त्यांना विचारा, कवळी करणारीचा हात काय असतो ते. दातांचा डॉक्टर तोंडाचं माप घेतो, त्याचा प्लास्टरचा साचा होतो, आणि त्या साच्यावर मेणाची हिरडी चढवून एकेक दात बसवायचं काम हिच्याकडे. मेण तापवायला छोटीशी ज्योत, हातात चपटी सुरी, आणि बोलणं बंद. लोक तिच्या दातांनी हसतात, जेवतात, भांडतात, आणि ही कोण ते कुणाला ठाऊकही नसतं.

हे काम तिने चार वर्षांपूर्वी सोडलं. कशासाठी, तर माझ्या भाचीला घरी शिकवायला. भाचीला आम्ही मुंगी म्हणतो, कारण ती लहानपणापासून एका जागी थांबत नाही. ही मुंगी पहिलीत गेली आणि सहा महिन्यांत गप्प झाली. शाळेचा दोष नव्हता, मुलांचाही नव्हता, एकेका मुलाला मानवत नाही. पण माझ्या भावजयीने काय करावं? सरळ शाळेतून नाव काढलं. "ताई, मी घरीच शिकवीन," असं मला जिन्यात सांगितलं, हातात भाजीची पिशवी घेऊन, जणू दूधवाला बदलल्याचं सांगतेय.

मी तेव्हा शाळेत शिकवत होते. एकूण एकतीस वर्षं शिकवलं. माझ्या हाताखालून गेलेली मुलं आज डॉक्टर आहेत, एक तर विमान चालवतो. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले आणि त्याच इमारतीत, भावाच्या घराच्या दोन मजले वर, रिकामी बसले. खाली माझी सख्खी भाची, वर मी. मध्ये छत्तीस पायऱ्या. पण कुणी म्हणालं नाही की ताई, जरा खाली येऊन हिला गणित शिकवा. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मला किती लागलं ते मी कुणाला बोलले नाही. नुसती जिन्यातून जाता-येता त्यांच्या दाराशी रेंगाळायची. आतून दोघींचं हसणं ऐकू यायचं. भूगोल शिकताना कुणी हसतं का?

मग या वर्षी, ती जिथे कवळ्या करायची त्या लॅबच्या मालकीणबाईंचा निरोप आला. आता पुष्कळसं काम मशीन करतं, पण मेणातली कवळी जमणारं माणूस मिळत नाही, येतेस का? भावजयीच्या डोळ्यांत मी जे पाहिलं ते चार वर्षांत पाहिलं नव्हतं. ती त्या संध्याकाळी छत्तीस पायऱ्या चढून वर आली.

"ताई, दिवसा तुम्ही बघाल का मुंगीकडे? शिकवाल का? तीन महिने बघते. तिचं बिनसलं तर मी नोकरी सोडणार, हे आधीच सांगून ठेवते."

"बघू," असं मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन फळा घेऊन आले.

फळा, रंगीत खडू, वेळापत्रक, आणि माझी टेबलावरची पितळी घंटा, सगळं मी खाली नेलं. पहिल्या दिवशी मी तास संपल्याची घंटा वाजवली तर मुंगी म्हणाली, "आत्या, आपण दोघीच तर आहोत." मी म्हटलं, शिस्त म्हणून काही असतं. ती म्हणाली, "आई असं नाही करत."

हे वाक्य पुढे मी किती वेळा ऐकलं असेल! आई नकाशा जमिनीवर पसरते. आई उत्तर सांगत नाही. आई म्हणते चुकलं तर मजा येते. एकतीस वर्षांत मला कुणा पोराने असं ऐकवलं नव्हतं. आणि ही आई म्हणजे कोण? दात बसवणारी बाई! कानामागून आली आणि तिखट झाली, म्हणतात ते हेच.

पण खरं पोटात दुखायचं ते चिठ्ठीवरून.

भावजय रोज सकाळी निघताना फ्रिजवर पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी लावून जायची. पाच वाक्यं. त्यातली चार खरी, एक खोटं. मुंगीने दिवसभरात ते शोधायचं आणि संध्याकाळी आई दारात आली की सांगायचं. "आपल्या खिडक्यांना एकूण चौदा काचा आहेत." लागली मुंगी काचा मोजायला. "बाबांचा डावा बूट उजव्यापेक्षा जड आहे." निघाला वजनकाटा. मी फळ्यावर नद्या काढतेय आणि हिचं लक्ष बुटाकडे! आणि संध्याकाळी साडेसहाला कुलपात किल्ली फिरली रे फिरली की पळत दारात. "आई, चूक सापडली! तिसरं वाक्य!" दिवसभर मी घसा फोडला त्याचा पत्ता नाही. आई चप्पल काढता काढता विचारणार, "कशावरून?" आणि ही तिला पुराव्यासकट सगळं सांगणार. मी तिथेच उभी असायची. आई म्हणजे आयत्या बिळावर नागोबा म्हणा हवं तर.

एक मात्र माझ्या पदरात पडलं होतं. भागाकार. मोठा भागाकार मुंगीला काही केल्या येत नव्हता, मी चार दिवसांत बसवला. पाचव्या दिवशी तिने आईला दारातच करून दाखवला. भावजय म्हणाली, "अरे वा, छान." मग हात धुवायला गेली ती बराच वेळ आली नाही. मला वाटलं, मेण निघत नसेल.

तो मंगळवार होता. मी साडेआठला खाली गेले, भाऊ आणि भावजय नुकतेच बाहेर पडले होते, मुंगी आंघोळीला. फ्रिजवर चिठ्ठी. विषय दात.

"दातावरचं कवच हे शरीरातलं सगळ्यात कठीण असतं. सशाचे दात जन्मभर वाढतात. दुधाचे दात चोवीस असतात. अक्कलदाढ सगळ्यात शेवटी येते. गोगलगायीला दात असतात."

चोवीस! दुधाचे दात वीस. माझा हात आपोआप पर्समधल्या खोडरबराकडे गेला. आता मी म्हणू शकते की सवय, चूक दिसली की हात जातोच. पण खोटं कशाला बोलू? खोडरबर हातात आलं तेव्हा मी थांबले होते. न्हाणीघरात मुंगी मोठमोठ्याने पाढे म्हणत होती, आणि मला नीट कळत होतं मी काय करतेय ते. एकच दिवस तिने तो कागद सोडून माझ्याकडे बघावं, एवढंच मला हवं होतं. मी नुसता "चो" खोडला. वीस उरलं. कागदावरचा चुरा फुंकला आणि घंटा वाजवली.

त्या दिवशी मुंगीने काय नाही केलं? आरशासमोर तोंड वासून दात मोजले. गोगलगायीवर तिचा दाट संशय होता, म्हणून जाडजूड पुस्तक काढून वाचत बसली, तर खरंच गोगलगायीला दात असतात, हजारोंनी. मग ससा. मग मला विचारलं, "आत्या, तुला अक्कलदाढ कधी आली?" मी म्हटलं, अजून यायचीय. ती हसली नाही. जेवताना ताटाशेजारी चिठ्ठी. दुपारी झोपली तर मुठीत चिठ्ठी. माझ्याकडे म्हणाल तर तिने रोजच्याहून कमी पाहिलं.

साडेसहाला किल्ली फिरली. मुंगी पळाली नाही. चालत गेली.

"आई, आज नाही सापडली."

भावजयीने कागद घेतला. वाचला. पुन्हा वाचला. तिसऱ्या वाक्यावर थांबली, कपाळाला हात लावला. "वीसच लिहिलं मी? अगं, चूक घालायची राहिलीच की. सकाळी घाईत..."

"विसरलीस?" मुंगीने विचारलं.

"विसरले गं."

"चालेल," मुंगी म्हणाली आणि आत गेली. रडली असती तर बरं झालं असतं.

भावजय तिथेच चपला ठेवायच्या फळीवर बसली. नखांत गुलाबी मेण होतं. "ताई, आज मी काय केलं माहितीये? दुसऱ्याच माणसाच्या साच्यावर दात बसवले. पुरते सगळे. दिवसाचं काम वाया. आणि इकडे ही चिठ्ठी. तिथे चुकते, घरी चुकते. मालकीणबाईंना उद्या सांगून टाकते, मला नाही जमत."

मला तेव्हा काय वाटलं सांगते. बरं वाटलं. चहाला उकळी येईपर्यंत, तेवढंच, पण बरं वाटलं. मोठी आली आई! मग लक्षात आलं, ही घरी बसली की मी फळा आणि घंटा घेऊन वर. पुन्हा छत्तीस पायऱ्या, आणि जिन्यातून यांचं हसणं ऐकायचं. आणि मग, थोडं उशिरा, तिची मान दिसली. वाकलेली. स्वतःच्याच अक्षराकडे ती संशयाने बघत होती. माझ्या वर्गात हुशार मुलं कधीकधी अशी बघायची, आपलं बरोबर असूनही. मी त्यांना तसं राहू दिलं नव्हतं.

"तू चोवीसच लिहिलं होतंस," मी म्हटलं. "मी खोडलं."

"सवयीने?"

इतकी चांगली पळवाट तिने आयती हातात दिली होती. "नाही. मुद्दाम. मला सहन होत नव्हतं. मी दिवसभर शिकवते आणि ती तुझ्या कागदाला चिकटते. जळते मी तुझ्यावर. चार वर्षं जळतेय."

ती उठली. चेहरा लाल. मला वाटलं, आता घराबाहेर काढते. "तुम्हाला काही वाटलं नाही, ताई? पोरगी दिवसभर शोधत राहिली! आणि मी इथे स्वतःला वेडी समजतेय!" आवाज चढला होता, पण मुंगी आत आहे म्हणून दात आवळून बोलत होती. मी मान खाली घातली. एकतीस वर्षं दुसऱ्यांना घालायला लावली, आपली पहिल्यांदाच.

मग ती पुन्हा फळीवर बसली. बराच वेळ नखातलं मेण उकरत राहिली.

"सहा महिने," ती म्हणाली. "सहा महिने मी तिला भागाकार शिकवत होते. गोट्या घेतल्या, चमचे घेतले, काही काही केलं. तुम्ही चार दिवसांत! त्या दिवशी मी नळ सोडून रडले, ठाऊक आहे? लॅबमध्ये ज्योतीसमोर बसले की डोक्यात एकच. आत्ता त्या दोघी काय करत असतील? तिला आता मी लागणारच नाही का?"

म्हणजे ही पण! मला त्या क्षणी ती जेवढी आवडली तेवढी लग्नात, नवी नवरी म्हणून आली तेव्हाही आवडली नव्हती.

"नोकरी सोडू नकोस," मी म्हटलं.

"नाही सोडत. पण मुंगीला तुम्ही सांगायचं. मी नाही झाकणार."

मी आत जाऊन सांगितलं. जसं झालं तसं, खोडरबरासकट. मुंगी पलंगावर पालथी पडून ऐकत होती. मग उठून बसली.

"म्हणजे आई विसरली नव्हती?"

"नव्हती."

तिने खोल श्वास सोडला. माझ्यावर रागवायचं राहूनच गेलं असावं, किंवा ते नंतर आठवलं, कारण थोड्या वेळाने डोळे बारीक करून म्हणाली, "शिक्षा. उद्याची चिठ्ठी तू लिहायची."

सोपं वाटतं ना? सकाळी चहा घेऊन टेबलाशी बसले. हाताला चूक लिहायची सवयच नाही हो. "सात आठे चोपन्न" लिहिलं, पुढच्या क्षणी हाताने त्याचं छप्पन्न केलं. महासागर लिहिला, तोही बरोबर उतरला. तीन कागद फाडले, चहा गार झाला. शेवटी आठ वाजता एक लिहून झाली. खाली गेले. भाऊ दाढी करत होता, भावजय डबा भरत होती. मी माझ्या हाताने फ्रिजवर चिठ्ठी लावली.

"आपल्या घरापासून आत्याच्या घरापर्यंत छत्तीस पायऱ्या आहेत. आत्याने एकतीस वर्षं शाळेत शिकवलं. आत्याची घंटा पितळेची आहे. आत्याला तुझ्या आईचा कधीच हेवा वाटला नाही. मंगळवारच्या चिठ्ठीतली चूक आत्याने खोडली."

म्हटलं, पायऱ्या मोजेल, घंटेला लोहचुंबक लावून बघेल, दिवस जाईल. भावजयही डबा हातात धरून वाचायला आली. वाचून तिने डब्याचं झाकण दोनदा लावलं.

मुंगी ओल्या केसांनी येऊन उभी राहिली. शेवटचं वाक्य तिने वाचलंसुद्धा नाही. पेन्सिल घेतली, चौथ्या वाक्याखाली सरळ रेघ मारली आणि कागद माझ्या हातात दिला.

"ही तर कुणालाही येईल, आत्या. उद्या जरा अवघड दे."