आईचा डावा पाय

आधीच सांगते, मी यातली नाही. घाटंजीला माझं मेडिकल आहे, बावीस वर्षं औषधं विकते. कुणाच्या अंगात आलं म्हणून लोक धावत आले, तरी मी आधी विचारते, "जेवल्या का? शुगर तपासली का?" त्यामुळे हे लिहायला मला दोन वर्षं लागली... हसायचं त्यांनी हसावं.

दिवसभर काउंटरमागे उभी राहणारी मी, चाळिशीत मला डोंगर चढायचं वेड लागलं. आधी सह्याद्री, मग थेट नेपाळ. थोरोंग ला — पाच हजार चारशे मीटरच्या वरचा पास. मे महिन्याचा पहिला आठवडा होता. घरी आई, भाऊ आणि वहिनी.

सकाळी साडेआठला वर पोचले. गाइड थोडा मागे होता. तिथल्या रंगीत पताकांपाशी बसले आणि रडले. दुःखानं नाही. इतकी वर्षं सगळ्यांना पुरी पडत आले, त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःला पुरी पडले असं वाटलं.

उतरताना डाव्या बुटाचा सोल निघाला. आदल्या रात्रीचा ताजा बर्फ होता. गाइडनं दोरीनं बूट बांधून दिला, पण मोजा भिजलाच. आधी बोटं बधिर झाली, मग पाय आहे की नाही तेच कळेना. गाइड म्हणाला, "दीदी, जल्दी चलो. उँगलियाँ चली जाएँगी." मी घड्याळ पाहिलं — पावणेदहा.

आणि त्याच क्षणी पाय गरम झाला. कोमट नाही हो... मे महिन्यात अनवाणी गच्चीवर गेलं की पोळतो ना, तसा! पुढचे चार तास मी तशीच चालले. मुक्तिनाथला गाइडनं मोजा काढला, तर बोटं गुलाबी. तो पायाकडे बघत राहिला.

फोनवर घरचे 'सगळं ठीक' एवढंच सांगत होते. आठवड्यानं परतले तर आईच्या डाव्या पायाला बँडेज.

वहिनीनं सांगितलं, "ताई, आई गच्चीवर कुरडया घालून राह्यल्या होत्या. ऊन असं, का पाय ठेववत नव्हता. एकदम खालीच बसल्या. म्हणे, माहा पाय गारठला वं. मी हात लावला तं बर्फाची लादी! तीन बोटं काळीनिळी."

"किती वाजले होते?"

"साडेनऊ. तवाच नळ आलते, म्हणून ध्यानात आहे."

नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे असतं. म्हणजे तिथले पावणेदहा.

यवतमाळच्या डॉक्टरांचे रिपोर्ट मी स्वतः वाचले. शुगर नाही, रक्तपुरवठा चांगला. त्यांनी भावाला विचारलं होतं, "आजींनी पाय बर्फात ठेवला होता का?" पुढे करंगळीचं टोक काढावं लागलं.

मी आईजवळ बसून रडायला लागले.

"काहून रडून राह्यली वं? म्या काई केलं नाही," आई म्हणाली. मग हळूच, "तिथं वर, त्या रंगीत फडक्यायपाशी रडली ना तू? ते रडणं चांगलं होतं."

मी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. गाइडलाही नाही.

"आई... तुले कसं मालूम?"

तिनं कूस बदलली. "झोपू दे मले."

त्यानंतर मी कितीदा विचारलं, पण ती विषय बदलते.

परवा गाइडचा मेसेज आला — ऑक्टोबरमध्ये आणखी उंच पासचा ट्रेक आहे, येणार का? आईला वाचून दाखवला.

"जाय न वं," ती म्हणाली. एवढंच.

मी अजून उत्तर दिलेलं नाही. जे झालं त्याचा अर्थ मला आजही लागलेला नाही, तुमच्यापैकी कुणाला लागत असेल तर जरूर सांगा. पण मला झोप येत नाही ती त्यामुळे नाही.

मला जायचंय.